चिंचखेड्याचे उमेदवार

चिंचखेडा नावाचा विधानसभेचा एक मतदारसंघ होता, हे आता चिंचखेड्यातल्या लोकांनाही आठवत नाही. तीन निवडणुका झाल्या आणि मग हद्दी नव्यानं आखताना तो गेला. निम्मी गावं तुळजापूरकडं गेली, निम्मी उमरग्याकडं. पण तेवढ्या काळात त्यानं तीन राज्यं पाहिली. पहिला आमदार हैदराबादला जाऊन बसला. दुसऱ्या खेपेला आम्ही मुंबई राज्यात होतो, तेव्हा आमचा आमदार गुजरातच्या आमदारांच्या शेजारी बसला. तिसऱ्या खेपेला तो पुन्हा मुंबईलाच गेला, पण आता राज्य महाराष्ट्र झालं होतं. गावं जागच्या जागी होती, राज्यं बदलत होती. तिन्ही निवडणुकांत बदललं नाही ते एकच. गुंडेराव वकील अपक्ष उभे राहिले आणि गुंडेराव वकील पडले.

मी त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बारा-तेरा वर्षं बसलो. आज माझ्या वकिलीत जे काही बरं आहे, ते त्या टेबलावरून आलेलं आहे.

मी मूळचा सोलापूरचा. निजामाचं राज्य जाऊन उस्मानाबादची कोर्टं उर्दूतून मराठी-इंग्रजीत यायला लागली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, तिकडं जा, नव्या वकिलांना वाव आहे. आलो. इथं आल्यावर कळलं, की कायदा मराठीत आला तरी जमिनीचे सगळे जुने कागद उर्दूत होते आणि मला उर्दूचं अक्षर वाचता येत नव्हतं. पक्षकार कागद पुढं करायचा, मी तो सुलटा धरलाय की उलटा, हे त्याच्या चेहऱ्याकडं बघून ओळखायचो. पक्षकारांना ते लगेच कळलं आणि ते यायचे थांबले.

त्या दिवसांत एक उंच, किंचित वाकलेले, काळी शेरवानी घातलेले आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वय पन्नाशीच्या आसपास.

"गुस्ताखी माफ," ते म्हणाले, "तुम्हांला उर्दू येत नाही आणि मला इंग्रजी येत नाही. दोघांचा मिळून एक वकील होतो. माझं टेबल मोठं आहे."

हे गुंडेराव. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले. भाऊ देवीच्या सेवेत राहिले, हे हैदराबादला जाऊन वकील होऊन आले. चिंचखेड्यात त्यांची वडिलोपार्जित जमीन होती, एक लहानसं घर होतं, मतदार म्हणून नावही तिथंच. प्रत्येक वाक्यात त्यांचे दोन शब्द उर्दू असायचे. वादीला ते शेवटपर्यंत मुद्दई म्हणत राहिले. नव्या मुन्सफांना ते कळायचं नाही, मग मी उठून सांगायचो आणि गुंडेराव माझ्याकडं वळून भर कोर्टात म्हणायचे, "शुक्रगुजार आहे." हा शब्द त्यांच्या तोंडी इतका होता, की कोर्टाच्या आवारातला चहावाला त्यांना 'शुक्रगुजार वकील' म्हणायचा. चहा दिला की शुक्रगुजार, कप उचलला की शुक्रगुजार.

एकदा ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा दावा हरले. कोर्ट उठलं. मी कागद आवरले, त्यांची वाट बघत राहिलो, पण ते येईनात. बाहेर जाऊन पाहिलं तर लिंबाच्या झाडाखाली त्या म्हाताऱ्याशेजारी मातीत बसलेले, शेरवानीसकट.  बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "जातो आता."

"भाकरी खाल्लीय का?" गुंडेरावांनी विचारलं.

"बांधून आणलीय."

"मग सोडा ती. मीही खाल्लेलं नाही."

दोघं तिथंच जेवले. परत येताना मला म्हणाले, "जोशी, जिंकलेल्या माणसाजवळ सगळी दुनिया असते. तिथं वकील नसला तरी चालतं. हरलेल्याजवळ मात्र आपण पाहिजे. त्याला दुसरं कोण आहे?"

हा माणूस निवडणुकीला का उभा राहिला, याचं उत्तर एका शब्दाचं होतं. शाळा. चिंचखेड्यात आणि भोवतीच्या गावांत चौथीपुढं शाळा नव्हती. पुढं शिकायचं तर उस्मानाबाद नाहीतर तुळजापूर. ज्याची ऐपत असेल तो मुलाला ठेवायचा, मुलींचा तर प्रश्नच नव्हता. गुंडेरावांच्या भाषणात दुसरा विषयच नसायचा. कुणी म्हणालं, वकीलसाहेब, रस्त्याचंही बोला, विहिरींचंही बोला, तर ते म्हणायचे, "शाळा झाली की पोरं स्वतःच बोलतील."

पहिल्या निवडणुकीत पद्धत वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. मतदारानं आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. निशाण्या वाटून झाल्या त्या दिवशी गुंडेराव कचेरीतून परत आले ते चेहरा पाडून.

"काय मिळालं?"

"सायकल."

"उत्तम की! सगळ्यांना कळते."

"जोशी, मला येत नाही."

मी हसलो. म्हटलं, ती चालवायची थोडीच आहे, नुसती दाखवायची आहे. ते गंभीर होते. "लोकांना सांगायचं, सायकलीला मत द्या आणि आपण बैलगाडीतनं उतरायचं? फसवणूक आहे ही."

दुसऱ्या दिवसापासून कोर्टामागच्या मैदानात पहाटे शिकवणी सुरू झाली. सायकल माझी होती आणि मागून सीट धरायला त्यांच्या पत्नी, राधाकाकू. काकू लहानखुऱ्या, पण आवाज खणखणीत. पन्नाशीचा माणूस धोतर खोचून हँडलशी झुंजतोय आणि मागं नऊवारी सावरत काकू पळताहेत, हे बघायला कोर्टातले शिपाई लवकर यायला लागले.

"सोडू नका हं!" गुंडेराव पुढून ओरडायचे.

"केव्हाच सोडलीय," काकू मागून सांगायच्या. हे ऐकलं की ते पडायचे.

शिकले मात्र. त्या निवडणुकीत त्यांनी निम्मा मतदारसंघ सायकलवरून पाहिला. त्यांना उतरता कधीच नीट आलं नाही, गावात शिरताना पहिल्या झाडाला किंवा भिंतीला टेकून थांबायचे. पोरं ओरडायची, "निशाणी आली, निशाणी आली!"

तुळजापुरात त्यांच्या थोरल्या भावानं आपल्या परीनं मदत केली. दर्शनाला येणाऱ्या चिंचखेड्याकडच्या लोकांना कुंकू लावताना तो हळूच सांगायचा, "मत आमच्या गुंडूला द्या, आई बरं करेल." हे गुंडेरावांना कळलं, तेव्हा ते कोर्टाचं काम सोडून तुळजापूरला गेले. महाद्वाराबाहेर उभे राहून आपल्या भागातला माणूस दिसला की त्याला हात जोडून सांगायचे, "देवीचा आणि माझ्या निवडणुकीचा काही संबंध नाही. मला मत नाही दिलंत तरी ती तुमच्यावर कोपणार नाही. माझी हमी आहे." भाऊ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

मतमोजणीला मी त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. एका मोठ्या पक्षाचे, हैदराबादकडून आलेले उमेदवार दणक्यात निवडून आले. गुंडेराव शेवटून दुसरे. पेट्या उघडताना मजा अशी झाली, की त्यांच्या पेटीत मतं थोडी आणि झेंडूची फुलं बरीच निघाली. कुणाकुणा भाविक बायकांनी पेटीलाच देव मानून वाहिलेली. अधिकारी म्हणाले, ही धरता येत नाहीत. गुंडेराव म्हणाले, "असू द्या. मतं त्यांच्या पेटीत पडली, फुलं तरी माझ्या पेटीत पडली."

मला वाटलं, संपलं. आठवड्याभरात ते सायकल घेऊन निघाले.

"आता कुठं?"

"आभार मानायला."

"कुणाचे? पडलात तुम्ही."

"ज्यांनी दिली त्यांचे. ती मतं पडलेली नाहीत."

पेट्या गावोगावच्या असल्यामुळं कुठं किती मतं मिळाली ते ठाऊक होतं. डोंगरापलीकडच्या एका वाडीत त्यांना एक मत होतं. एकच. मी म्हटलं, ती वाडी सोडा. ते म्हणाले, सगळ्यांत आधी तीच. मी कुतूहलापोटी बरोबर गेलो. मारुतीच्या पारावर माणसं जमली. गुंडेराव उभे राहिले. "तुमच्या गावातल्या एका माणसानं मला मत दिलं. आख्खा गाव एकीकडं असताना दिलं. तो पुरुष आहे की बाई, मला ठाऊक नाही आणि ते विचारायलाही मी आलेलो नाही. कुणी सांगू नका. मी त्याचा शुक्रगुजार आहे, एवढंच." हात जोडले आणि उतरले.

आम्ही वाडीच्या बाहेर आलो नाही तोच मागून एक माणूस पळत आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "वकीलसाहेब, ते मत माझं होतं. कुणाला बोलू नका." गुंडेरावांनी त्याचे हात हातात घेतले. ओढ्यापाशी एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. तिनं पदर पुढं ओढून सांगितलं, "म्याच टाकलं हुतं बाबा तुझ्या डब्यात." तिचेही आभार मानले. उस्मानाबादचा रस्ता लागेपर्यंत आणखी तिघं-चौघं भेटले. प्रत्येकाचं तेच मत.

मला हसू आवरेना. "एका मताला इतके मालक? एवढी माणसं खोटं बोलली आणि तुम्ही सगळ्यांना शुक्रगुजार?"

ते सायकल ढकलत चालले होते. म्हणाले, "खोटं कसं? मत एकानं दिलं, आपण द्यायला पाहिजे होतं असं बाकीच्यांना आज वाटलं. मला दोन्हींचा आनंद आहे."

दुसऱ्या निवडणुकीत त्या वाडीनं त्यांना भरभरून मतं दिली. पण निवडून आले ते भगवानराव पाटील, चिंचखेड्याचे मोठे बागायतदार. धिप्पाड, मिशाळ, बोलायला रोखठोक. घरोघर त्यांचे सोयरे, गावोगाव त्यांच्या शब्दाला मान. गुंडेराव दुसरे आले. पाटील आमदार झाले, पण शाळेचं काही हललं नाही. गुंडेराव पुन्हा आभार मानून आले आणि कामाला लागले.

महाराष्ट्र झाला आणि तिसरी निवडणूक आली. या खेपेला हवा खरोखर बदलली होती. माकणीचा किसन नावाचा एक धनगराचा तरुण वकीलसाहेबांच्या पाठीशी असा उभा राहिला, की तेरणेकाठची गावंच्या गावं त्यानं फिरवली. मेंढरं भावावर सोपवून तो आमच्याबरोबर फिरायचा. त्याला मोठी मुलगी होती, चौथीत. शाळेचा विषय निघाला की तो वकीलसाहेबांपेक्षा जोरात बोलायचा. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं प्रचाराला जुनी मोटारही दिली होती. लोक उघड म्हणायला लागले, औंदा वकील.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. आमचा अर्ज आदल्या दिवशीच भरून झाला होता. आम्ही सकाळी चिंचखेड्याच्या बाजूची दोन गावं करून उस्मानाबादला परत निघालो होतो. पुढं चालक रसूल आणि गुंडेराव, मागं मी, किसन आणि लाउडस्पीकरचं सगळं सामान. ऊन चढलेलं. एका ओढ्याच्या उतारावर एक जीप कडेला कलंडलेली दिसली. पुढचं चाक निखळून पडलेलं. जीपशेजारी भगवानराव पाटील उभे होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचा सूचक, हातात कागदांची पिशवी घेऊन.

आम्हांला क्षणात कळलं. या खेपेला सामना दोघांतच होता आणि पाटलांनी अजून अर्ज भरलेला नव्हता. मुहूर्त पाहून शेवटच्या दिवशी भरायचा, ही त्यांची रीत. तीन वाजता कचेरीचं दार बंद होणार होतं. दुपारची एसटी मघाशीच निघून गेली होती, त्या रस्त्याला दुसरं वाहन संध्याकाळशिवाय येत नसे.

किसन माझ्या मांडीवर हात आपटून म्हणाला, "आई पावली! वकीलसाहेब, तिकडं बघू नका. रसूलभाई, हाण गाडी."

रसूलनं वेग कमी केला आणि शेजारी पाहिलं. "रोकूं क्या, सायेब?"

गुंडेराव समोर बघत होते. पाटलांनी आम्हांला ओळखलं होतं. त्यांनी हात केला नाही. उलट पाठ फिरवली आणि ओढ्याकडं तोंड करून उभे राहिले. मोटार त्यांच्या पुढं गेली.  खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, चालू दे.

"रोको," गुंडेराव म्हणाले.

किसननं पुढं वाकून त्यांचा खांदा धरला. "साहेब, पाया पडतो तुमच्या. आपुन काय त्याचं चाक काढलं न्हाय. देवानं काढलं. आपुन निसतं जायचं. निसतं जायचं, बस."

"किसन, ऐक."

"न्हाय ऐकत. धा वर्सं झाली तुमी पडताय. माझी पोरगी औंदा शेळ्यांमागं जाईल. तिला काय सांगू, पाटलाला लिफ्ट दिली म्हून?"

गुंडेराव खाली उतरले. दाराला हात टेकून किसनशी बोलले, पण ते आम्हां सगळ्यांनाच होतं. "दोन वेळा मी लोकांना विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मला नको म्हटलं. आता तिसऱ्यांदा त्यांना विचारायचंच नाही, असं करू? समोर कुणी नसताना आमदार झालो, तर मला कुणी निवडलं? त्या चाकानं?"

 किसनचे डोळे भरून आले होते, रागानं.

गुंडेराव मागं चालत गेले. "पाटील, चला. तीनला दार बंद होतं."

पाटील वळले. बराच वेळ त्यांनी वकीलसाहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. "तुम्हांला कळतंय ना, काय करताय ते?"

"कळतंय. लवकर बसा, नाहीतर माझी मती फिरायची."

मोटारीत सगळ्यांना जागा नव्हती. लाउडस्पीकरचं सामान रस्त्यात टाकून जाता येत नव्हतं. किसन स्वतःच उतरला. "त्यांच्या बाजूला म्या बसत न्हाय," एवढं म्हणाला आणि घोंगडी खांद्यावर टाकून आल्या वाटेनं चालायला लागला. मागं वळून पाहिलं नाही.

पुढचा सगळा रस्ता मला आज लख्ख आठवतो. पाटील मागं माझ्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. त्यांचा सूचक दाराला चिकटलेला.  मग गुंडेराव पुढून मान वळवून म्हणाले, "पाटील, पाच वर्षं आमदार होता. शाळा केली नाहीत."

पाटील गोंधळले. "आता हे काय मध्येच?"

"मध्येच नाही. तुम्ही इतका वेळ माझ्यासमोर कधी बसणार? मी निवडून आलो तर करीनच. तुम्ही आलात तर करा. जागा मी सांगतो, माझा गावालगतचा तुकडा आहे, तो घ्या. शाळेला तुमचं नाव लावलंत तरी माझी हरकत नाही."

आणि मग उस्मानाबाद येईपर्यंत हा माणूस बोलत राहिला. कोणत्या गावाहून किती लांब पडेल, पावसाळ्यात ओढा कसा ओलांडतील, मुलींसाठी बाई शिक्षिका कशी लागेल, मास्तरांना राहायला खोल्या कुठं होतील. प्रतिस्पर्ध्याला मोटारीत घालून त्याच्याकडंच प्रचार करणारा उमेदवार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पाटील खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "वकीलसाहेब, जरा श्वास घ्या."

कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही पोचलो, तेव्हा दार उघडं होतं. पाटील पळत आत गेले. त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या माणसाला पळताना बघून शिपाई बाजूला सरकला.

त्या दिवशी संध्याकाळी मी गुंडेरावांच्या घरी होतो. बातमी आमच्या आधी पोचली होती. काकू चुलीपाशी बसून होत्या. गुंडेरावांनी शेरवानी खुंटीला लावली, हातपाय धुतले, पाटावर येऊन बसले. काकूंनी ताट घेतलं नाही.

"तुम्ही केलंत ते बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "पण आज माझ्या हातून तुम्हांला वाढलं जाणार नाही. उद्या वाढीन. आज हातानं घ्या."

गुंडेराव उठले, स्वतः भाकरी घेतली, आमटी घेतली, मलाही वाढलं. पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "शुक्रगुजार आहे."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्या निवडणुकीत पेट्या गेल्या होत्या. आता एकाच कागदावर सगळ्यांच्या निशाण्या आणि शिक्का मारायचा. मोजणी दुपारपर्यंत अशी चालली, की मी दोनदा उठून बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. शेवटी पाटील आले. इतक्या थोडक्या मतांनी, की ती सगळी माणसं एखाद्या आळीत मावली असती. पाटलांचे लोक गुलाल घेऊन धावले. पाटलांनी त्यांना हातानं थांबवलं आणि गर्दीतून वाट काढत वकीलसाहेबांपाशी आले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. गुंडेरावांनी हात जोडले, पाटलांनी ते जोडलेले हातच आपल्या हातात धरले. 

आभाराच्या फेरीला या वेळी मी मुद्दाम गेलो. माकणीला आम्ही पोचलो तेव्हा माणसं जमली होती, पण किसन पुढं आला नाही. भिंतीला टेकून मागं उभा होता. सभा संपली. गुंडेराव त्याच्याकडं गेले. किसन त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "म्या तुमच्यावर लई रागावलोय."

"रागाव. तुझा हक आहे."

"पर सायकल पंक्चर हाय तुमची. आणा हिकडं."

त्यानं सायकल उलटी केली आणि ट्यूब काढायला बसला. गुंडेराव त्याच्याशेजारी उकिडवे बसले. मी लांबच थांबलो.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला चिंचखेड्यात पाचवीचा वर्ग सुरू झाला. मग दर वर्षी एक एक वर्ग वाढत गेला. जागा गुंडेरावांच्याच तुकड्यावर. उद्घाटनाला पाटील बोलायला उभे राहिले आणि लिहून आणलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं. "पाच वर्षं ह्या माणसानं माझ्या विरुद्ध भाषणं केली, मी ऐकली न्हाईत," ते म्हणाले. "पण मोटारीत कोंडून सांगितलं, तवा ऐकावंच लागलं. दार उघडून उडी मारायची सोय नव्हती." लोक हसले. पाटील हसले नाहीत. "मी त्यांच्या जागी असतो, तर मोटार थांबवली नसती. हे मी तुमच्या समोर सांगतो."

गुंडेराव श्रोत्यांत बसले होते. ते उठले आणि सगळ्यांना वाटलं, आता मोठं भाषण होणार. त्यांनी पाटलांचे आभार मानले, शिकवायला आलेल्या दोन मास्तरांचे मानले, मांडव घालणाऱ्याचे मानले आणि बसले.

पाचवीच्या पहिल्या रांगेत किसनची मुलगी बसली होती. किसन मांडवाबाहेर घोंगडी पांघरून उभा. मी विचारलं, "काय किसन, राग गेला का?"

"निम्मा गेला," तो म्हणाला.

त्यानंतर गुंडेरावांनी कोर्ट हळूहळू सोडलं आणि ते काकूंना घेऊन चिंचखेड्यात राहायला गेले. टेबल मला दिलं. सोलापूरला वडील आजारी पडले, म्हणून मलाही पुढं उस्मानाबाद सोडावं लागलं. मतदारसंघ मोडल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि त्यांना भेटायला गेलो. म्हटलं, आता कुठून उभं राहणार? ते म्हणाले, "कुठून नाही. चिंचखेड्यानं मला तीनदा ऐकून घेतलं. पुष्कळ झालं."

चौथ्या निवडणुकीनंतर काही महिन्यांनी ते गेले. झोपेतच. काकूंचा निरोप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला त्यांचं शेवटचं दर्शन घडलं ते त्या चौथ्या निवडणुकीच्या दिवशी.

मी सकाळीच सोलापुरात मत देऊन एका कामासाठी एसटीनं उमरग्याकडं निघालो होतो. गाडी चिंचखेड्याच्या चावडीपुढं थांबली. चावडीत मतदान चालू होतं. बाहेर उन्हात बायकांची एक रांग, पुरुषांची एक. पुरुषांच्या रांगेत मधोमध मला पांढरा रुमाल दिसला. आता बरेच वाकले होते. पुढचे लोक त्यांना हाताला धरून पुढं चला म्हणत होते, ते मान हलवून नको म्हणत होते. काकूंचं मत देऊन झालेलं असावं. त्या कडेला सावलीत बसून त्यांच्याकडं बघत होत्या. मी खिडकीतून हाक मारली, पण गाडीच्या आवाजात ती पोचली नाही. उतरावं असं मनात आलं तोवर वाहकानं घंटी दिली.

माझ्या पुढच्या बाकावर माकणीला निघालेले एक आजोबा होते. त्यांनीही बाहेर पाहिलं. पुष्कळ दिवसांनी या भागात आले असावेत. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "का हो, वकीलसाहेब औंदा उभे न्हायत व्हय?"

गाडी वळणावर होती. रांग एक माणूस पुढं सरकली आणि तेही सरकले.

"उभे आहेत की," मी म्हणालो.